एका चुलीची चाळीस पोरं

आवडीनं जन्मात कधी पयला सांगितलेला भाव दिला नाय. हे आदी ध्यानात ठेवा, मंग म्होरलं सगळं कळंल.

पोलादपूरच्या बाजारात सुक्या मासळीवाली तिला लांबून येताना बघूनच भाव चढवून ठेवायची, म्हंजे उतरवायला जागा रहावी. वीरच्या ठेसनाभाईर रिक्षावालं एकमेकांना म्हनायचं, "तू जा रे, मागल्या बारीला मी नेली व्हती हिला." लग्नातबी तेच. चुडा भरायला कासारीन आली, तर ही नवरी हळदीच्या अंगानं म्हनते, "डाव्या हाताचं घे गो, उजव्या हातात तशाच भर." महिपत नवरा. त्यानं पडवीतून ऐकलं आन तो तवाच समजला, का आपल्या गळ्यात माळ नाय, तराजू पडनार हाय.

तर ही आवडी सकपाळ. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला वरची वाडी हाय, तितली. आता अशा बाईचा आन चाकाच्या बुटांचा काय संबंध, तेबी ऐका.

महिपत मुंबैला कांदिवलीत वॉचमन व्हता. त्याच बिल्डिंगीत आवडी एका घरी पोरगी सांभाळायची. त्या पोरीला व्हता फिगर स्केटिंगचा क्लास. फिगर स्केटिंग म्हंजे शर्यत नव्हं बरं का. पायात चाकाचं बूट घालायचं, गानं लावायचं, गिरक्या घ्यायच्या, एक पाय बगळ्यावानी मागं उचलायचा, हात पसरायचं, आन पडलं तरी हसायचं. परदेशात हे बर्फावर करतात म्हनं. आपल्याकडं बर्फ फक्त गोळेवाल्याजवळ, म्हनून आपली पोरं चाकावर. आवडी रोज सांजची त्या पोरीची पान्याची बाटली धरून कट्ट्यावर बसायची. बघून बघून डोळ्यात भरलं. घरी येऊन सैपाक करताना तिचा एक पाय आपसूक मागं जायचा. महिपत म्हनायचा, "गो, वात आलाय का काय?"

पोरीचा पाय वाढायचा, बूट लहान व्हायचं. घरची बाई म्हनायची, आवडी, घेऊन जा, टाकून द्यायचेत. टाकून द्यायच्या वस्तूला कोन घासाघीस करंल? आवडीनं केली. "नेते बाई, पन लेसा नव्या घालून द्या." पोरीचं बूट, तिच्या मैत्रिनींचं बूट, असं करत गोनी भरली. पुढं महिपतचं गुडघं दुखायला लागलं, नोकरी सुटली, आन दोघं वाडीला परत आली. टेम्पोतनं कपाट उतरलं, गॅस उतरला, आन ती गोनी उतरली. लोकांना वाटलं कांदं आनलं.

वाडीत काळकाईचं देऊळ हाय. देवळाम्होरं मुंबैकर मंडळानं मंडप बांधलाय. फरशी अशी का वाकून बघितलं तर आपलं तोंड दिसावं. आवडीनं वाडीतली पोरं धरली, पायात बूट चढवलं आन दिली फरशीवर सोडून. पयलं पंधरा दिस नुसता आरडाओरडा. कुनाचं कोपर, कुनाचं ढोपर, घराघरात खोबऱ्याचं तेल संपलं. मंग हळूहळू पोरं उभी रहायला लागली, मंग फिरायला, मंग गिरक्या घ्यायला. सोता आवडी चाकावर एकदाच उभी राहिली, खांबाला धरून. खांब जाग्यावर राहिला, आवडी नाय राहिली. त्यापास्नं ती मंडपाच्या पायरीवर बसूनच शिकवायची. "पाय मागं गो! बगळा कर, बगळा! असा काय उचलतोस रे, कुत्रं खांबाजवळ उचलतं तसा!" वाडीतल्या बायका पानी भरून जाताना हंडं खाली ठेवून बघायच्या.

पन गावकीचा पुढारी सहदेव. नात्यानं तिचा दीर. मानूस वायट नाय, पन देवीचा कारभार बघनारा, त्याला प्रत्येक गोष्टीत देवीचं हित दिसायचं. गावकीच्या बैठकीत त्यानं इषय काढला.

"वैनी, पोलादपूरचा डेकोरेटर आलाय. त्याला खुर्च्या आन मंडपाचं कापड ठेवायला जागा पायजे. देवीला भाडं देतो म्हनतो. तुमची पोरं फिरतात त्याचं देवीला काय?"

"पोरं देवीम्होरं नाचतात, भावजी. देवीला बघायला मिळतं."

"वाडीतली पोरं वाडीतच गोल फिरतात. आवो, आमची कोंबडीबी फिरते." सगळी बैठक हसली. मंग सहदेवच जरा नरमला. "असं करू. भाईरची पोरं हितं येऊन खेळली, वाडीचं नाव झालं, तर मंडप तुमचा. डेकोरेटरला नाय म्हनून सांगतो. पुढच्या रैवारी घ्या काय ती स्पर्धा. पन त्याच सांजला माझ्या लेकीची हळद हाय त्याच फरशीवर. चार वाजता फरशी मोकळी पायजे. चारच्या वर गेलं, तर बूट गोनीत, गोनी माळ्यावर, आन मंडपात खुर्च्या."

आवडी उठून घरी आली. महिपतनं चा म्होरं ठेवला. "काय झालं?" "फरशी जाते," येवडंच बोलली. ती पोरं गिरक्या घेत तवा हिचा जीव थाऱ्यावर असायचा, हे महिपतला ठावं व्हतं. तो फक्त बोलून दाखवायचा नाय.

दुसऱ्या दिशी आवडी यष्टीनं म्हाड शहरात गेली. तितं अरविंद सर नावाचं मास्तर स्केटिंगचा क्लास घेतात. ते म्हनाले, "मावशी, येऊ की आम्ही. माझी वीस-पंचवीस मुलं आहेत. पण रजिस्ट्रेशन ऑनलाइन लागेल. आमचे पालक पनवेलला जातात, पुण्याला जातात. मोबाईलवर नाव घालायचं, तिथंच फी भरायची, वेळापत्रक मोबाईलवर येतं. तुमच्या अंगणात येऊन तोंडी नाव सांगायला कोणी तयार होणार नाही."

"तोंडी सांगायला काय जातंय त्यांचं?"

"त्यांचा विश्वास बसत नाही, मावशी." आन त्यांनी पुन्याच्या एका कंपनीचा नंबर दिला. स्पर्धेची नावं मोबाईलवर घ्यायचं सॉफ्टवेअर ती कंपनी भाड्यानं देते.

वाडीत नेटवर्क नाय. नेटवर्क घाटाच्या पयल्या वळनावर, तितं जांभळीखाली दगड हाय, त्या दगडावर उभं राहिलं तर मिळतं, बसलं तर जातं. आवडी सून वैशालीला घेऊन दगडावर चढली. वैशाली बारावी झालेली, मोबाईलमधलं तिला समजतं. कंपनीतली पोरगी बोलाय लागली. तेजश्री तिचं नाव, आवाज असा गोड का साखर पेरून ठेवल्यावानी.

"नमस्कार मॅडम! आमच्याकडे तीन प्लॅन आहेत. पहिल्यात दर मुलामागे, दर प्रकारामागे चार्ज आहे."

"प्रकार म्हंजे?"

"म्हणजे एक मुलगी एकटी उतरणार आणि जोडीतही उतरणार, तर दोन प्रकार. दोन चार्ज."

"पोरगी येकच ना? दुपारी काय दुसरी व्हते?"

"नाही मॅडम, पण एन्ट्री दोन होतात."

"बरं. आन पयल्याच गिरकीला पडली तर?"

"म्हणजे?"

"पडली, रडाय लागली, आईनं उचलून नेली. तर अर्धं परत?"

"मॅडम, पडण्याशी सॉफ्टवेअरचा संबंध नाही."

"मंग संबंध कशाशी हाय? तुम्ही नाव घेनार आन वेळ सांगनार. आमचा गुरव फुकट वेळ सांगतो, वरती नारळ फोडतो."

वैशालीनं पदर तोंडात कोंबला. तेजश्रीला असं गिऱ्हाईक पयल्यांदाच, पन पोरगी धीराची. म्हनाली, "दुसरा प्लॅन वर्षाचा आहे. वर्षभरात कितीही स्पर्धा घ्या."

"आमची येकच पार पडू दे. देवीला कोंबडा बोललाय."

"मग तिसरा. फॅमिली प्लॅन. यात कुटुंबामागे एकच चार्ज. कुटुंबात कितीही मुलं असोत, कितीही प्रकारात उतरोत."

आवडीनं मान वर केली. "चुलीमागं?"

"सॉरी?"

आता पुन्याच्या पोरीला चुलीमागं म्हंजे काय कळनार? आपल्याकडं शिमगा असो, देवीची पालखी असो, देवळाचा कळस असो, वर्गनी मानसामागं नसतेच. चुलीमागं असते. घरात दोन मानसं असोत का बारा, चूल येक तर वर्गनी येक. आवडीला वाटलं, चला, कंपनीत कोनतरी शानं मानूस हाय.

"बाय, कुटुंब कशाला म्हनता तुम्ही?"

"सिस्टीमला एकच आडनाव, एकच पत्ता आणि एकच मोबाईल नंबर दिसला, की ते एक कुटुंब."

आवडी गप्प झाली. ती भाव करताना गप्प झाली का समजावं, कुनाचातरी तोटा ठरला. आडनाव? वरच्या वाडीत कुत्रं भुंकलं तरी सकपाळाचंच असतं. सगळी भावकी येक. पत्ता? मुक्काम वरची वाडी, याच्यापुढं पोस्टमनलाबी काय लागत नाय. आन नंबर घालायचा आवडीचा.

"आणि मॅडम, यात एक सोय आहे," तेजश्री म्हनाली. "भावंडांना आम्ही एकमेकांविरुद्ध एका गटात टाकत नाही. घरात भांडणं नकोत. आणि आईला प्रत्येक मूल बघता यावं, मधे दुसऱ्याचे बूट बांधायला वेळ मिळावा, म्हणून एका कुटुंबातल्या दोन मुलांमध्ये वेळ सोडतो."

"लय चांगली सोय हाय गो. आमच्या भावकीच्या कोर्टातल्या केशीत घाल ती." आन मंग सवयीनं इचारलंच, "शेवटचा भाव सांग."

"हाच शेवटचा आहे, मॅडम."

"पयला आन शेवटचा येकच कसा आसंल? मधलं कुटं गेलं?"

दगडावर उभं राहून राहून वैशालीच्या पायाला मुंग्या आल्या, तवा तेजश्रीनं हात टेकलं आन सर्टिफिकेटं कंपनी फुकट देईल म्हनाली. आवडीनं "बरं, तुझं मन नको मोडाया" म्हनून फोन ठेवला.

वैशालीनं रोज दगडावर जाऊन नावं घातली. पालक म्हनून सगळ्यांना आवडी सकपाळ. दोन दिसांनी दोघी दगडावर असताना तेजश्रीचाच फोन आला. आवाजातली साखर जरा विरघळलेली.

"मॅडम, तुमच्या फॅमिलीत चाळीस मुलं दिसतायत."

"हायत ना. देवीची किरपा."

"आणि त्यातली सात एकाच वर्षी जन्मलेली."

"ते साल चांगलं गेलं."

"मॅडम, दोघांच्या जन्मतारखेत आठ दिवसांचं अंतर आहे!"

"घाटातला रस्ता हाय बाय, कोन आदी पोचतो, कोन मागनं." मंग आवडीनंच इचारलं, "आडनाव येक हाय का?"

"आहे."

"पत्ता?"

"एकच आहे."

"नंबर?"

मंग तेजश्री हसाय लागली ती थांबंच ना. "नियमात बसतंय, मॅडम."

आवडीला आबाळ ठेंगनं झालं. म्हाडला अरविंद सरांना फोन करून सांगितलं. तिकडं घरटी येकच पोर, म्हंजे प्रत्येकाला पुरा चार्ज. सर म्हनाले, "मावशी, आमच्या पालकांना सांगू नका हां, ते मला खातील." वाडीत तर ती चालायची तीबी बूट घातल्यासारखी. सहदेव देवळाच्या पायरीवर भेटला तवा म्हनाला, "वैनी, सगळी वाडी येक चूल केलीत म्हनं? मंग औंदा देवीची वर्गनीबी तुमच्याच चुलीतनं येऊ द्या."

"देवीला आदी मोबाईल घेऊन द्या, भावजी."

महिपत घरात येवडंच बोलला, "गो, मी वॉचमन व्हतो. फुकटात आत सोडलेलं मानूस जाताना दारच घेऊन जातं."

"तुमी चा प्या."

आला रैवार. सकाळीच फरशी धुतली, तोरन बांधलं, पोरांना अंघोळी घातल्या, केसाला तेल. म्हाडची पोरं दोन गाड्या भरून आली, चमकीचं कपडं, पाठीवर बॅगा. संगं एक परीक्षक, अश्विन नावाचा पनवेलचा तरना पोरगा. वेळापत्रक मोबाईलवर आलं असनार म्हनून वैशाली दगडावर पळाली. परत आली तवा तिचं तोंड पडलेलं.

"आई, आपलं शेवटचं पोर रात्री नऊ वाजता हाय."

"कुनाचं शेवटचं?"

"आपलंच. म्हाडच्या पोरांचं जेवायच्या आत उरकतंय. आपलं येक पोर झालं का मधे येळ, मंग दुसरं पोर, मंग मधे येळ. तुमाला बूट बांधायला."

आवडीला वाटलं फरशी पायाखालनं सरकली, आन तीबी बूट न घालता. सगळी वाडी येक कुटुंब ना? मंग सॉफ्टवेअरनं आपला शबुद पाळला. चाळीस पोरांची येक आई, तिला प्रत्येक पोर बघता आलं पायजे. घाई नाय, गडबड नाय.

अरविंद सर वैशालीच्या हातातल्या मोबाईलमधी बघत व्हतं, त्यांनी वेगळाच सूर लावला. "मावशी, हे काय? भावंडं एकमेकांविरुद्ध नाहीत म्हणून तुमचं प्रत्येक मूल स्वतःच्या गटात एकटंच आहे. म्हणजे चाळीस जण, चाळीस पहिले नंबर?"

म्हाडच्या एका आईनं ते ऐकलं. "वा! आमच्या मुलीनं आठ जणींना हरवायचं, आणि यांनी कोणालाच नाही?"

तेवढ्यात सहदेवची मानसं हळदीसाठी केळीचं खांब घेऊन आली आन मंडपाच्या कडंला ठेवून गेली. सहदेवनं लांबनंच हाताची चार बोटं दाखवली. चार वाजता.

आवडी धावत दगडावर गेली. साठीची बाई, पन अशी चढली का वैशाली मागं राहिली. महिपतबी काठी टेकत आला.

"तेजश्री, बाय माझे, ही चूल फोड!"

"काय फोडू?"

"कुटुंब फोड गो! मी चाळीस पोरांची आई नाय. सगळी घरं वेगवेगळी हायत. पयल्या प्लॅनात टाक आमाला, पोरामागं, प्रकारामागं, काय असंल ते."

"मॅडम, त्याचा चार्ज खूप होईल." तिनं आकडा सांगितला. वैशालीनं डोळं मिटून घेतलं.

आवडीच्या कनवटीला कोंबड्या-अंड्यांचं साठवलेलं व्हतं, सुनंला बांगड्या करायला. तिनं कनवटीला हात लावला. मंडपाकडं बघितलं. खाली फरशीवर तिची पोरं बूट घालून तयार, येकमेकाला धरून उभी, वर दगडाकडं बघत. आन म्हनाली, "देते."

महिपतच्या हातची काठी गळून पडली. लग्नाला येवडी वर्सं झाली, पन भाव इचारल्याबरुबर "देते" त्यानं ऐकलं नव्हतं. "गो, तुला बरं हाय ना?" म्हनून त्यानं तिच्या कपाळाला हात लावला.

"पण मॅडम," तेजश्री पलीकडनं म्हनाली, "रजिस्ट्रेशन काल बंद झालं. आता कुटुंब तोडता येत नाही."

"पैसं देते म्हनते ना!"

"दिले तरी नाही."

घ्या. जन्मात येकदा पयल्या भावाला वस्तू घ्यायला निघाली, तर वस्तूच इकायला नाय. आवडी दगडावर बसली. बसल्याबरुबर नेटवर्क गेलं. महिपतनं तिला दंडाला धरून उठवली, "उभी रहा गो, फोन चालू हाय." उठली तवा तेजश्री बोलतच व्हती. "... म्हणजे एकाच कुटुंबातली मुलं सगळी मिळून एक सादरीकरण करू शकतात. फॅमिली ग्रुप. त्याची एकच वेळ लागते. सांगा, तसं करून देऊ का?"

"सगळी येकदम?"

"हो."

आवडीनं भीत भीत इचारलं, "किती घेशील?"

"काही नाही. फॅमिली प्लॅनमध्येच आहे."

"मंग मेले, आदी का नाय बोललीस?"

"तुम्ही गुरव आणि नारळातच अडकला होतात, मॅडम."

आता चाळीस पोरं येकदम करनार काय? प्रत्येकाचं गानं वेगळं, गिरक्या वेगळ्या. पन वाडीतल्या पोराला जन्मल्यापास्नं येक गोष्ट येतेच. गनपतीत जाखडी. ढोलकीवाला मधे बसतो, बाकीचं घोळका करून त्याच्याभवती नाचतात, उजवं पाऊल, डावं पाऊल, गिरकी, टाळी. पायात घुंगरू असायचं तितं चाकं. आवडी दगडावरनंच ओरडली, "जाखडी रे! जाखडी धरा!"

आन ढोलकीवाला कोन? वाडीत येकच. महिपत.

"मी नाय," महिपत म्हनाला. "गो, ती पोरं चाकावर असत्यात. मी मधे पाटावर. येक जरी सुटलं तर सरळ माझ्या अंगावर."

"म्हनून तर मधे बसवते. सुटली तर थांबाय कायतरी नको?"

जेवनाच्या आत म्हाडच्या पोरांचं सगळं उरकलं. चांगली खेळली पोरं, खोटं कशाला बोला. येक चमकीवाली पोरगी अशी फिरली का भवऱ्यागत, वाडीतल्या बायकांनी तिची दिष्ट काढली. त्यांचं नंबर लागलं, बिल्लं मिळालं, त्यांच्या आया निवल्या. मंग परीक्षक अश्विननं वैशालीच्या मोबाईलमधी बघून पुकारलं, "सकपाळ फॅमिली."

आन फॅमिली निघाली. निघतच राहिली. अश्विन मोजायचा नाद सोडून देऊन खुर्ची मागं घेऊन बसला. महिपत मधे पाटावर, डोक्याला टॉवेल बांधलेला, ढोलकी पोटाशी अशी धरलेली का वाजवायला नाय, वाचायला. तोंडातल्या तोंडात काळकाईचं नाव.

पयली थाप पडली. पोरं हळू फिरली. दुसरी थाप, जरा जोर. चाकाला काय, येकदा गती घेतली का ढोलकीचं कोन ऐकतो? पोरं पळाय लागली, म्हनून महिपतनं भितीनं वाजवायचं वाढवलं. वाजवायचं वाढलं, म्हनून पोरं अजून पळाय लागली. आवडी पायरीवरनं "बगळा!" म्हनून ओरडली, आन चाळीस पाय येकदम मागं उठलं. मधे बसलेल्या महिपतला चारी बाजूनं नुसती चाकंच दिसायला लागली. येकानं जाता जाता त्याचा टॉवेल नेला. पुढच्या फेऱ्याला आनून परत डोक्यावर ठेवला. "थांबा रे!" तो ओरडला, पन थांबवायचं म्हंजे ढोलकी थांबवायची, आन ढोलकी थांबली तर सगळं पोरटं अंगावर येनार, हे त्याला पक्कं ठावं. मंग काय, डोळं मिटून वाजवत राहिला बिचारा. वाडीतली जुनी मानसं म्हनाली, महिपत असा तरनेपनीबी वाजला नव्हता.

येवड्यात हळदीचं पाव्हनं आलं. वरमाई, करवल्या, सगळी. चारला अजून येळ व्हता, पन पाव्हनं ते पाव्हनं, येळेआदी येनारच. त्यांना वाटलं हा आपल्याच सोगताचा कार्यक्रम. चपला काढून कडंला बसली, टाळ्या काय, शिट्ट्या काय. वरमाई सहदेवला म्हनाली, "व्याही, येवडं कशाला केलंत?" सहदेव छाती फुगवून म्हनाला, "तुमच्यासाटी कायपन." आवडीनं ते पायरीवरनं ऐकलं, आन गप्प राहिली. आदीच सांगितलंय, ती गप्प राहिली का काय समजावं.

जाखडी संपली. पोरं खांबाला, भिंतीला, येकमेकाला धरून थांबली. महिपत पाटावरनं उठंना. त्याला दोघांनी उचलून कडंला ठेवला, ढोलकीसकट. अश्विननं निकाल दिला, "फॅमिली ग्रुप, पहिला नंबर, सकपाळ फॅमिली. दुसरा संघ नाही." येक बिल्ला, चाळीस पोरं. तितंच वढावढ चालू झाली. तवा आवडी म्हनाली, "पालखी शिमग्याला घरोघर फिरते ना? तसा फिरंल हा. आज ह्या घरी, उंद्या त्या."

मंग सहदेवकडं वळली. "भावजी, म्हाडची पोरं आली. खेळली. पाव्हन्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कुनाच्या, ते त्यांना सांगू का नको?"

सहदेवनं वरमाईकडं बघितलं, आवडीकडं बघितलं. "नको," म्हनाला. "डेकोरेटरला नाय म्हनून सांगतो. फरशी तुमची. पन वैनी, येक चूल म्हनता ना? मंग आजची हळद झाल्यावर फरशीबी तुमच्याच चुलीनं पुसायची. आन हितनं पुढं वाडीतली प्रत्येक हळद."

"पुसीन की," आवडी म्हनाली. "पन चूल येक असली, तरी हात येकाचं नसतात." आन पोरांच्या आयांकडं अशी बघितली का बायकांनी आपसूक पदर खोचलं.

हळद जोरात झाली. फरशीवर नुसता पिवळा चिखल. सकाळी फडकी घेऊन सगळी वाडी पुसाय आली, पन पोरं फडक्यांच्या आदी पोचली. बूट घालून त्या हळदीवर जी घसरली, जी घसरली, का निम्मी फरशी त्यांच्या चड्ड्यांनीच पुसून निघाली. हळद चाकात गेली ती गेली. धुतली, घासली, चुन्यानं तर लालच व्हायला लागली, तवा नाद सोडला. म्हंजे वरच्या वाडीची चाकं पिवळी ती कायमचीच.

आता म्हाडची पोरं दर महिन्याला येतात. परवा त्या चमकीवालीची आई आवडीला इचारत व्हती, "मावशी, ही पिवळी चाकं कुठल्या कंपनीची हो? आमच्या मुलीला हवीयत."

आवडीनं तिला वरपास्नं खालपत्तर बघितली. सावकाश पानाला चुना लावला.

"लय महाग पडतात, बाय," ती म्हनाली. "आन आमचा भाव येकच असतो."